प्रवेशिकेचे नियम व परीक्षकाचा धर्म

लेखनस्पर्धेंतील लेखांच्या गुणदोषांची चर्चा पुष्कळ होते. परंतु लेख परीक्षकाच्या दृष्टीस पडण्यापूर्वीं त्याला ज्या दारांतून आंत यावें लागतें, त्या दाराकडे फारसें कोणी पाहत नाहीं. हें दार म्हणजे स्पर्धेच्या पत्रकाच्या तळाशीं बारीक अक्षरांत छापलेले नियम. लेख ई-मेलनेंच पाठवावा. तो युनिकोडमध्यें टंकलेला असावा. अक्षराचा आकार अमुक, दोन ओळींमधील अंतर अमुक, चारी बाजूंचा समास एक इंच. लेखावर नांव नसावें, नांव स्वतंत्र पानावर असावें. फाइल वर्डची हवी, पीडीएफ चालणार नाहीं. आणि सर्वांच्या शेवटीं तें ठरलेलें वाक्य कीं, नियमांत न बसणाऱ्या प्रवेशिकांचा विचार केला जाणार नाहीं. हें वाक्य मीं आजवर अनेकदां वाचलें, दोनतीन वेळां स्वतः लिहूनहि दिलें. त्याचा अर्थ काय होतो हें मात्र मला गेल्या वर्षापर्यंत नीटसें कळलें नव्हतें. तें कसें कळलें हें प्रथम सांगतों, आणि मग त्यांतून निघणारा प्रश्न वाचकांपुढें ठेवतों.

गेल्या वर्षीं एका लहानशा संस्थेच्या निबंधस्पर्धेचा मी परीक्षक होतों. विषय होता 'उपकाराची फेड'. चाळीसएक प्रवेशिका आल्या होत्या. संस्थेचे चिटणीस प्रामाणिक व टापटिपीचे गृहस्थ. प्रत्येक प्रवेशिकेवर नुसता क्रमांक घालून ते ती मजकडे धाडीत. त्यांपैकीं एक फाइल उघडली, तों पडद्यावर रोमन अक्षरें, आंकडे आणि विरामचिन्हें यांची नुसती खिचडी दिसली. चिटणिसांनीं तिच्यावर 'नियम ४ चा भंग' असा शेरा मारला होता व माझी संमति विचारली होती. मीं ती दिली. या सर्व प्रकाराला एक मिनिटहि लागलें नसेल. पुढें निकाल लागला, पारितोषिकें वांटलीं गेलीं, भाषणें झालीं.

दोन महिन्यांनीं संगणकावरील जुन्या फाइली काढून टाकतांना ती प्रवेशिका पुन्हां माझ्या दृष्टीस पडली. त्या वेळीं माझा एक विद्यार्थी जवळ बसला होता. तो म्हणाला, "सर, हें वाचतां येईल. जुना फॉन्ट आहे, एवढेंच." आणि खरोखरच पांच मिनिटांत त्यानें त्या खिचडीची देवनागरी करून दिली. लेख एका वृद्ध बाईंचा होता. १९७२ च्या दुष्काळांत त्यांचे वडील खडी फोडण्याच्या कामावर जात. त्या दिवसांत एका घरानें त्यांना ज्वारीचें एक पोतें दिलें. पन्नास वर्षांनीं त्या घराचा नातू शोधून काढून बाईंनीं त्याच्या दारांत ज्वारीचें पोतें नेऊन ठेवलें. नातवाला त्या गोष्टीची गंधवार्ताहि नव्हती. तो बिचारा ओशाळला, आणि बाई मोकळ्या मनानें घरीं परतल्या. त्या लिहितात कीं, वाटेंत मला प्रश्न पडला, हलकें कोणाला वाटलें? फेड झाली कीं माझी सुटका झाली? एवढ्या सरळपणानें विषयाच्या गाभ्याशीं जाणारा दुसरा लेख माझ्या वाचनांत त्या स्पर्धेंत आला नव्हता.

मीं चिटणिसांच्या मार्फत बाईंना पत्र लिहिलें. त्यांचें उत्तर चार ओळींचें होतें. तालुक्याच्या गांवीं झेरॉक्सच्या दुकानांतील मुलाकडून त्यांनीं लेख टंकून घेतला होता. त्याच्या पडद्यावर दोनदां वाचून पाहिला होता. एकहि चूक नव्हती. "आपल्याकडे तो वेगळा दिसला हें मला ठाऊक नव्हतें. निकालांत नांव आलें नाहीं तेव्हां लेख आवडला नसेल असें समजलें." या शेवटच्या वाक्यानें मला जें शिकविलें तें चाळीस निबंधांनीं शिकविलें नव्हतें. आम्हीं त्यांचा लेख नापसंत केला नव्हता. आम्हीं तो वाचलाच नव्हता. पण न वाचण्याचा आणि नापसंतीचा निकाल बाहेरून अगदीं एकसारखा दिसतो, आणि ज्याचा लेख परत येतो तो बहुधा स्वतःलाच दोष देऊन गप्प बसतो.

येथें दोष कोणाचा? यंत्राचा म्हणावा, तर त्याचें काम थोडें समजून घेतलें पाहिजे. पूर्वीं निघालेल्या मराठी फॉन्टांत — श्रीलिपि, शिवाजी, कृतिदेव हीं नांवें अनेकांच्या परिचयाचीं असतील — संगणकाला 'क' म्हणून कांहीं ठाऊकच नसतें. तो आपल्या पोटांत एक रोमन अक्षर किंवा चिन्ह साठवितो आणि फॉन्ट त्याच्यावर देवनागरी आकृतीचा मुखवटा चढवितो. तो फॉन्ट ज्या यंत्रावर नाहीं तेथें मुखवटा गळतो आणि आंतलीं रोमन अक्षरें उघडीं पडतात. १९९१ सालीं युनिकोडची पहिली आवृत्ति निघाली. तिच्यांत देवनागरीला १२८ स्थानांचा स्वतःचा विभाग मिळाला. तेव्हांपासून 'क' हा जगांतील कोणत्याहि यंत्रावर 'क' च राहूं शकतो. दोन्ही पद्धतींतील भेद नुसत्या आकृतीचाहि नाहीं. 'कि' लिहितांना डोळ्यांना वेलांटी आधीं दिसते, म्हणून जुन्या फॉन्टांत ती आधीं साठविली जाई. युनिकोडमध्यें उच्चाराप्रमाणें क आधीं आणि वेलांटी मागून. 'दुसऱ्या' या शब्दांतील मराठीचा खास अर्धा र तर रूपांतराच्या वेळीं हटकून घोटाळा करतो. पुस्तकें व पत्रिका जुळविण्याच्या संगणकप्रणालींना युनिकोड पुष्कळ वर्षें नीट पेलत नसे. त्यामुळें छापखान्यांतून व दुकानांतून जुने फॉन्ट टिकून राहिले. तेव्हां त्या दुकानांतील मुलानें आपलें काम त्याच्या परीनें चोखच केलें होतें.

आणखी एक गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. १९९३ सालीं निघालेल्या पीडीएफचा उद्देशच असा कीं, पान जसें रचलें तसेंच तें सर्वत्र दिसावें. त्यासाठीं फॉन्टहि फाइलीच्या पोटांत घालून पाठवितां येतो. बाईंचा लेख पीडीएफ करून आला असता, तर मला तो बहुधा पहिल्याच दिवशीं वाचतां आला असता. परंतु शब्द मोजणें सोपें जावें म्हणून आम्हींच पीडीएफला मज्जाव केला होता. म्हणजे जो नियम आमच्या सोयीसाठीं केला त्यानें त्यांची वाट अडविली, आणि मग वाट चुकल्याबद्दल दुसऱ्या नियमानें त्यांना शिक्षा केली.

हें मीं चिटणिसांना बोलून दाखविलें तेव्हां ते शांतपणें म्हणाले, "सर, आपल्याला वाईट वाटतें तें मी समजूं शकतों. पण एका मुलाचा लेख मुदत संपल्यावर वीस मिनिटांनीं आला होता, तो आपणच नाकारलात. त्याचाहि लेख कदाचित् चांगला असेल. नियम एकाला वांकवला, तर दुसऱ्याला कोणत्या तोंडानें दाखवायचा?" हा आक्षेप झटकून टाकण्यासारखा नाहीं. भावनेला पाझर फुटला म्हणजे न्याय झाला असें नव्हे. ज्याचें रडगाणें आपल्या कानीं पडतें त्याला सवलत आणि जो मुकाट्यानें बसतो त्याला नियम, हा तर उघडच अन्याय होय.

शिवाय अशा नियमांचा जन्म दुष्टपणांतून झालेला नाहीं. आपल्याकडे ग्रंथांना पारितोषिकें देण्याची सरकारी प्रथा जुनी आहे. पेशव्यांच्या वेळच्या दक्षिणेचा कांहीं भाग पुढें ग्रंथांकडे वळविण्यांत आला व दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वांत आली. या कमिटीकडे जोतीराव फुले यांनीं १८५५ सालीं आपलें 'तृतीय रत्न' हें नाटक पाठविलें होतें. तें नाकारलें गेलें. आणि कमिटींतील भट सभासदांच्या आग्रहामुळें तें नाकारलें गेलें असें फुल्यांनीं स्वतःच पुढें लिहून ठेविलें आहे. त्या नाटकाचा विषयच असा होता कीं नांव झांकून भागलें नसतें, हें खरें. तथापि लेखकाचें नांव, जात, गांव, ओळख यांची सावली निकालावर पडूं नये म्हणून लेखावर नांव नको हा नियम आला असेल, तर तो दुबळ्याची ढाल आहे हें विसरतां कामा नये. आजहि पानावरील नांव पुसलें तरी वर्डच्या फाइलीच्या माहितींत लेखकाचें नांव राहून जाऊं शकतें. जागरूक चिटणीस तें तपासून काढतात. त्यांचा हा काटेकोरपणा मला वंदनीयच वाटतो.

मग वीस मिनिटांचा उशीर आणि न उघडणारा फॉन्ट यांत फरक तो कोणता? पुष्कळ विचारान्तीं मला एक कसोटी सुचली ती अशी: नियम मोडल्यानें मोडणाऱ्याला इतरांवर कांहीं वरचढपणा मिळाला काय? ज्याचा लेख उशिरां येतो त्याला इतरांपेक्षां थोडा कां होईना, अधिक वेळ मिळतो. जो शब्दमर्यादा ओलांडतो त्याला अधिक जागा मिळते. जो नांव कळवितो त्याला ओळखीचा लाभ होण्याचा संभव असतो. या ठिकाणीं नियम सोडणें म्हणजे नियम पाळणाऱ्यांच्या खिशांतून काढून दुसऱ्याला देणें होय. तेथें कठोर राहणें हाच धर्म. परंतु ज्याच्या लेखाचीं अक्षरें बिघडलीं त्याला कोणता लाभ झाला? त्याचें नुकसानच झालें. त्याला दोन दिवसांची संधि दिल्यानें कोणाचें कांहीं जात नाहीं. आणि त्या दोन दिवसांत त्यानें मजकूर बदलला कीं काय हें पाहावयाचें, तर पहिली फाइल आपल्या हातीं आहेच.

या दृष्टीनें पाहिलें असतां नियमांचे तीन वर्ग पडतात. पहिला, स्पर्धकांतील समतेचें रक्षण करणाऱ्यांचा: मुदत, शब्दमर्यादा, अनामिकता. दुसरा, वाचन शक्य व्हावें म्हणून केलेल्यांचा: युनिकोड, उघडणारी फाइल, डोळ्यांना सोसेल असें अक्षर. तिसरा वर्ग केवळ संवयीचा. इंग्रजी स्पर्धांच्या पत्रकांत टाइम्स न्यू रोमन बारा पॉइंट असें लिहिलेलें असतें. तें अक्षर लंडनच्या 'टाइम्स' पत्रासाठीं घडविलें गेलें आणि १९३२ सालीं प्रथम वापरांत आलें. त्याचा देवनागरीशीं कांहीं संबंध नाहीं. उलट आपल्या अक्षराच्या वर मात्रा व खालीं उकार यांना जागा द्यावी लागत असल्यानें तोच आंकडा मराठींत बारीक दिसतो. तरी आम्हीं तो जसाच्या तसा उतरून घेतला. पहिल्या वर्गाचा नियम मोडला तर लेख बाद व्हावा. दुसऱ्या वर्गाचा मोडला तर लेखकाला कळवावें. तिसऱ्या वर्गाच्या नियमासाठीं कोणाच्याहि लेखाचा एक गुणसुद्धां जातां कामा नये.

हा विचार कांहीं नवा नव्हे. कायदा सर्वसामान्य शब्दांत बोलतो, म्हणून विशिष्ट प्रसंगीं तो अपुरा पडतो, आणि तेथें त्याच्या हेतूला धरून त्याची दुरुस्ती करणें हेंहि न्यायाचेंच अंग आहे, असें अॅरिस्टॉटलनें आपल्या नीतिशास्त्राच्या पांचव्या भागांत प्रतिपादिलें आहे. त्यासाठीं त्यानें लेस्बॉस बेटांतील गवंड्यांच्या शिशाच्या पट्टीचा दृष्टान्त दिला आहे. ती पट्टी दगडाच्या आकाराप्रमाणें वळते. आपल्या मीमांसकांनींहि अंग आणि प्रधान असा भेद करून ठेविला आहे. यज्ञासाठीं सांगितलेली साळ न मिळाली तर तिच्या जागीं नीवार घ्यावा, पण कर्म टाकूं नये, असा त्यांचा निर्णय आहे. कर्मकांडाबद्दल ज्यांची ख्याति त्यांनीं प्रधान कशाला म्हणावयाचें हें इतक्या स्वच्छपणें ओळखलें; आणि आम्हीं विसाव्या-एकविसाव्या शतकांतील सुशिक्षितांनीं मात्र नीवार पाहतांच यज्ञ मोडला. स्पर्धेचें प्रधान कर्म लेख वाचणें हें आहे. बाकी सर्व अंगें.

कोणी म्हणेल, चाळीस लेखांच्या स्पर्धेंत हें ठीक. जेथें हजारों लेख येतात तेथें प्रत्येकाला कोण कळवीत बसणार? अडचण खरी आहे. पण कळविण्यासाठीं प्रवचन लिहावयाचें नाहीं. 'आपली फाइल वाचतां येत नाहीं; मजकूर न बदलतां अमुक दिवसांत पुन्हां पाठवावी' एवढ्या एका ओळीनें काम भागतें, आणि तीच ओळ सर्वांना जावी म्हणजे पक्षपातहि उरत नाहीं. तेंहि अशक्य असेल, तर निदान निकालाच्या वेळीं कोणते क्रमांक वाचलेच गेले नाहींत हें प्रसिद्ध करावें. वाचून नाकारणें हा परीक्षकाचा अधिकार आहे. न वाचतां नाकारून, वाचल्याचा समज होऊं देणें हा नाहीं.

आतां दुसऱ्या बाजूकडे वळूं. माझी पुतणी महाविद्यालयांत शिकते व स्पर्धांतून लिहिते. एकदां रात्रीं अकरा वाजतां ती माझ्या खोलींत आली. "काका, समास एक इंच म्हणजे बांधणीची जागा सोडून कीं धरून? आणि मोबाइलवर उघडलें कीं शेवटची ओळ दुसऱ्या पानावर जाते. बाद करतील का हो?" मीं विचारलें, "लेखाचा शेवट जमला का? काल तर तुला तो आवडत नव्हता." ती थबकली व म्हणाली, "तो तसाच आहे. तिकडे पाहायला वेळच झाला नाहीं." तिच्या मेलबरोबरची फाइल त्या रात्रीं तीनदां बदलली, लेखाचा शेवट एकदांहि बदलला नाहीं.

तिला मी हंसलों नाहीं, कारण यांत हंसण्याजोगें कांहीं नव्हतें. नियम जेव्हां धाकानें लिहिले जातात, तेव्हां ते सज्जनांनाच अधिक छळतात. शिवाय समासाची काळजी ही मोठी सोयीची काळजी आहे. ती इंचांत मोजतां येते आणि करून संपवितां येते. आपण लिहिलें तें खरें आहे काय, ही काळजी मोजतां येत नाहीं व संपतहि नाहीं. म्हणून मन दुसरीकडून पहिलीकडे पळतें. मात्र बाह्य रूपाची सारीच काळजी व्यर्थ, असें मी म्हणणार नाहीं. आपल्या पोथ्यांच्या शेवटीं लेखनिक वाचकाला विनवीत असत कीं, तेलापासून, पाण्यापासून व सैल बांधणीपासून पोथी जपावी. अक्षर शाबूत राहिलें तरच अर्थ पोंचतो हें त्या माणसांना मान मोडून काम करतांना कळलें होतें. आजच्या लेखनिकानें युनिकोडमध्यें लिहावें, फाइल दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर एकदां उघडून पाहावी, नांव जेथें नको तेथून काढावें. इतका शिष्टाचार वाचकाच्या डोळ्यांचें ऋण म्हणून पुरे आहे. त्यापुढें जो वेळ उरेल तो लेखाच्या शेवटाला द्यावा.

या वर्षीं आमच्या संस्थेनें नियम बदलला आहे. पीडीएफ व वर्ड दोन्ही चालतील, न उघडणाऱ्या फाइलीबद्दल सर्वांना एकच पत्र जाईल आणि त्यांना तीन दिवस मिळतील. चिटणिसांनीं तो मसुदा स्वतःच्या हातानें तयार केला. बाईंचा लेख संस्थेच्या वार्षिकांत छापावा अशीहि सूचना आली. बाईंनीं ती नम्रपणें नाकारली. स्पर्धेसाठीं लिहिला होता, तो प्रसंग होऊन गेला, असें त्यांनीं कळविलें. तो लेख वेळेवर वाचला असता तर पहिलें पारितोषिक त्यालाच मिळालें असतें काय, असें मला मित्र विचारतात. मी त्याचें उत्तर देऊं शकत नाहीं. तो लेख मीं इतर लेखांबरोबर, त्यांच्या मापानें वाचला नाहीं. एकट्यानें, मागाहून आणि अपराधी मनानें वाचला. अशा वाचनाला परीक्षण म्हणतां येत नाहीं. जो न्याय त्या वेळीं द्यावयाचा होता तो त्याच वेळीं देतां येत होता.

नियम बदलून आम्ही सभेंतून बाहेर पडलों तेव्हां मला बरेंच मोकळें वाटलें. घरीं येतां येतां बाईंच्या लेखांतलें तें ज्वारीचें पोतें आठवलें आणि त्यांचाच प्रश्न मला पडला. नवा नियम पुढच्या स्पर्धकांच्या उपयोगीं पडेल. हलकें मात्र मला वाटलें होतें. त्यांच्या दारांत कांहींच पोंचलें नव्हतें.